निर्धोक दिवस आणि गोळ्यांचा हिशेब

पाळीनंतरचे काही दिवस निर्धोक आणि मधले काही दिवस तेवढे धोक्याचे, हा समज घरोघरी आढळतो. नवविवाहितेला तो थोरल्या जावेकडून किंवा मैत्रिणीकडून कानोकानी मिळतो, आणि त्यावर विसंबून राहिल्यामुळे कित्येकींवर नको असलेल्या बाळंतपणाचा भार येतो. पहिले मूल अजून अंगावर पीत असताना दुसऱ्याची चाहूल लागली, म्हणजे आईच्या शक्तीची केवढी ओढाताण होते, हे सांगावयास नको. म्हणून या समजात तथ्य किती, हे पाहणे अगत्याचे आहे.

जपानमधील डॉ. क्युसाकू ओगिनो यांनी १९२४ साली असे दाखवून दिले, की स्त्रीबीज सुटते ते मागल्या पाळीनंतर अमुक दिवसांनी नव्हे, तर पुढच्या पाळीच्या सुमारे दोन आठवडे आधी. सारी मेख येथेच आहे. मागली पाळी कधी आली, हे स्त्रीला ठाऊक असते; पुढची कधी येईल, हे कोणी सांगावे? स्त्रीबीज जेमतेम एक दिवस टिकते, पण पुरुषबीज स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकते. २८ दिवसांच्या पाळीत बीज चौदाव्या दिवसाच्या सुमारास सुटते. तीच पाळी एखाद्या महिन्यात २१ दिवसांवर आली, तर ते सातव्या दिवशीच सुटेल. आणि मग स्राव पुरता थांबण्यापूर्वी, पाचव्या दिवशी आलेल्या संबंधातूनही गर्भ राहू शकेल. तात्पर्य, अमुक दिवस पूर्ण निर्धोक, असे आधी छातीठोकपणे सांगता येत नाही.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, तेव्हा गोळी अस्तित्वातच नव्हती. अमेरिकेत १९६० साली संततिनियमनासाठी पहिली गोळी मंजूर झाली. आज आपल्याकडे सरकारी आरोग्य केंद्रांत ‘माला-एन’ विनामूल्य मिळते. तिच्या पाकिटात संप्रेरकांच्या २१ आणि लोहाच्या ७ अशा २८ गोळ्या असतात. संप्रेरकांमुळे बीज सुटणेच थांबते व गर्भाशयाच्या मुखाशी असलेला स्राव घट्ट होऊन पुरुषबीजाची वाट अडते. गोळ्या नियमाने घेतल्यास महिन्याचे सर्व दिवस, लोहाच्या गोळ्यांचे सातही दिवस, सारखेच सुरक्षित असतात. मात्र पुढचे पाकीट वेळेवर सुरू झाले पाहिजे.

येथेच जुना समज पुन्हा घात करतो. महिन्याच्या मध्यावरची गोळी चुकली तर भय, आरंभीची चुकली तर चिंता नाही, असे अनेकींना वाटते. वस्तुतः उलट आहे. लोहाच्या सात दिवसांत अंडाशय हळूहळू जागे होऊ लागलेले असते. माहेरच्या लग्नकार्याच्या गडबडीत नवे पाकीट सासरीच राहिले आणि दोन-तीन दिवस उशीर झाला, तर ती विश्रांती लांबते आणि बीज सुटण्याची संधी मिळते.

एक गोळी चुकल्यास आठवताच ती घ्यावी व पुढची नेहमीच्या वेळी घ्यावी. लागोपाठ दोन किंवा अधिक चुकल्यास एक गोळी लगेच घेऊन क्रम चालू ठेवावा आणि सात दिवस निरोधही वापरावा. हे तिसऱ्या आठवड्यात घडले, तर लोहाच्या गोळ्या वगळून नवे पाकीट सुरू करावे. चुकलेल्या दिवसांत संबंध आलेला असल्यास विलंब न लावता वैद्यकीय सल्ला घ्यावा. गोळी घेतल्यावर लवकरच उलटी झाली, किंवा क्षयावरील रिफॅम्पिसिन चालू असले, तरीही गोळीचा भरवसा उणावतो.

गोळी सर्वांना मानवतेच असे नाही. उच्च रक्तदाब, रक्ताच्या गुठळीचा पूर्वीचा विकार, डोळ्यांपुढे प्रकाशरेषा आणणारी अर्धशिशी, किंवा नुकतेच झालेले बाळंतपण असल्यास ती डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये. पस्तिशीनंतर धूम्रपान करणाऱ्या स्त्रीसही ती वर्ज्य आहे.

बिनचूक घेतल्यास वर्षभरात शंभर स्त्रियांपैकी एकीलाही क्वचितच गर्भ राहतो. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र सुमारे ७ जणींना राहतो. हे अंतर मुख्यतः विस्मरणाचे आहे. ते विस्मरण टाळण्याचे काम एकट्या स्त्रीवर सोपवून पतीने निश्चिंत राहणे न्यायाचे नव्हे. रात्रीच्या जेवणानंतर ‘गोळी घेतलीस ना?’ एवढे त्याने विचारले, तरी त्या घरात दिवस मोजीत बसण्याची वेळ सहसा येणार नाही.