दवाखान्याची तपासणी

दवाखाना कसा आहे हे तपासताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात. दवाखान्यात काय काय आहे, ही पहिली. आलेल्या रुग्णावर तिथे काय उपचार झाले, ही दुसरी. खाटा, औषधे, रंगरंगोटी, पाण्याची टाकी यांची मोजदाद तासाभरात होते. उपचार बरोबर झाले का, हे मात्र कागद चाळून आणि माणसांशी बोलूनच कळते. रुग्णाचे बरेवाईट ह्या दुसऱ्या गोष्टीवर अवलंबून असते, म्हणून तपासणीचा जास्त वेळ तिथेच खर्च व्हायला हवा.

सरकारी दवाखान्याचे उदाहरण घेऊ. वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यात धनज येथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. सपाट मुलखात ३० हजार लोकसंख्येमागे असे एक केंद्र असावे, असा देशाचा निकष आहे. सरकारी आरोग्य संस्थांच्या कामाची पारख करण्यासाठी राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानके ठरवलेली आहेत. २०१३ मध्ये जिल्हा रुग्णालयांपासून त्यांची सुरुवात झाली आणि पुढे ती प्राथमिक केंद्रांनाही लागू झाली. मिळणाऱ्या सेवा, रुग्णांचे हक्क, साधनसामग्री, पूरक सेवा, प्रत्यक्ष उपचार, जंतुसंसर्गावर नियंत्रण, गुणवत्तेची व्यवस्था आणि परिणाम असे त्यांचे आठ विभाग आहेत. प्रत्येक मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन गुण मिळतात. प्रमाणपत्रासाठी किमान ७० टक्के गुण लागतात आणि प्रमाणपत्र तीन वर्षे चालते. गुण देण्याआधी तपासनीस चार वाटांनी खात्री करतो. तो स्वतः पाहतो, कर्मचाऱ्यांना विचारतो, नोंदी वाचतो आणि रुग्णांशी बोलतो.

नोंदी वाचणे म्हणजे काय, ते जुलाब झालेल्या लहान मुलांच्या केस पेपरवरून समजते. अशा मुलाला मीठ-साखरेचे द्रावण, म्हणजे ओआरएस, आणि १४ दिवस झिंकच्या गोळ्या द्याव्यात हे ठरलेले आहे. वय सहा महिन्यांच्या वर असेल तर रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहान बाळाला १० मिलिग्रॅम. तपासनीस मागच्या महिन्यांतले काही केस पेपर काढतो. कागदावर ओआरएस आणि झिंक दिसले, आईला पाजायचे कसे ते समजावल्याची नोंद दिसली, तर काम नीट चालले आहे. शौचात रक्त नाही, मूल पाणी पिते आहे, तरीही प्रत्येक कागदावर अँटिबायोटिक आणि सलाइन लिहिलेले असेल, तर नव्या फरशीने ती उणीव भरून निघत नाही.

लसीच्या फ्रिजचेही तसेच. आतले तापमान दोन ते आठ अंशांच्या मध्ये राहायला हवे आणि त्याची नोंद रोज दोनदा व्हायला हवी. वऱ्हाडातल्या मे महिन्यात वीज गेली की खरी परीक्षा होते. लसीच्या अनेक कुप्यांवर एक गोल खूण असते आणि तिच्या आत चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिकट आहे तोवर ती कुपी वापरता येते, दोन्हींचा रंग सारखा झाला की ती बाद. तक्त्यावर रोज पाच अंश लिहिलेले आणि कुपीवरचा चौकोन मात्र गडद झालेला, असे आढळले तर तक्ता बसल्या जागी भरला गेला का, हे विचारावेच लागते.

स्वच्छतेसाठी २०१५ पासून कायाकल्प ही वेगळी पुरस्कार योजना आहे. तिने सरकारी दवाखान्यांचे रूप पालटायला मदत केली. मात्र पाहणीच्या आदल्या दिवशी झाडलोट करून उपचार सुधारत नाहीत.

रुग्णाला विचारण्याचा मार्ग महाराष्ट्राने लवकर धरला. २००७ मध्ये अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकऱ्यांनीच आरोग्य सेवांची प्रगतिपुस्तके भरली. जनसुनवाईत लोक आणि अधिकारी समोरासमोर बसले. औषध बाहेरून आणायला सांगितले का, पैसे मागितले का, सिस्टर उपकेंद्रात भेटतात का, असे प्रश्न तिथे उघडपणे विचारले गेले. कागदी तपासणीत हे सहसा निसटते.

खासगी दवाखान्यांची स्थिती निराळी आहे. ग्रामीण भागातही निम्म्याहून अधिक बाह्यरुग्ण आधी खासगी डॉक्टर गाठतात. खाटा असलेल्या रुग्णालयाला शुश्रूषागृह नोंदणी कायदा लागू होतो. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार तिथे दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद लावावी लागते. पण एका खोलीत रुग्ण तपासून औषध देणारा दवाखाना या कायद्याच्या बाहेर राहतो. डॉक्टरची नोंदणी वैद्यक परिषदेकडे असते. सुया, बोळे यांसारख्या जैववैद्यकीय कचऱ्याला २०१६ चे नियम आहेत. दिलेला उपचार योग्य होता का, हे मात्र नियमितपणे कोणी पाहत नाही. इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशन ही स्वतंत्र संस्था फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यालाही श्रेणी देते आणि तिचा अहवाल कोणालाही वाचता येतो. ज्या दारात रुग्ण सर्वांत आधी जातो तेच आपल्याकडे तपासणीविना राहावे, ही आपल्या व्यवस्थेतील सर्वांत मोठी उणीव आहे.

ही उणीव भरून निघेपर्यंत रुग्णाच्या हातात काही साधने आहेत. डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर दाखवावा, असा वैद्यकीय आचारसंहितेचा २००२ पासूनचा नियम आहे. रुग्णाने उपचारांच्या नोंदी मागितल्या तर त्या ७२ तासांत द्याव्यात, हेही त्यातच आहे. रुग्णाने प्रत्येक वेळी लेखी चिठ्ठी मागून घ्यावी आणि ती जपून ठेवावी. सुई किंवा सलाइन लावण्याआधी ते कशासाठी, हे विचारावे. सरकारी केंद्रात तपासणीचे पथक आले आणि त्याने विचारले, तर जे घडले ते न भिता सांगावे.