खेळणं किती वर्षांचं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



वाढदिवसासाठी खेळणं घ्यायला आपण दुकानात जातो. खोक्यावर लिहिलेलं असतं, ‘तीन वर्षांवरील मुलांसाठी’. नातू असतो दीड वर्षाचा. आजोबा कौतुकानं म्हणतात, ‘आमचं पिल्लू हुशार आहे, त्याला जमेल की!’ मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि हे वाक्य दवाखान्यात खूपदा ऐकते. म्हणून आज त्या आकड्याबद्दलच बोलणार आहे.

हा आकडा बुद्धीसाठी नाही, घशासाठी आहे. तीन वर्षांच्या आतलं मूल हाती येईल ते तोंडात घालतं. त्याची श्वासनलिका अरुंद असते आणि अडकलेली वस्तू खोकून बाहेर टाकण्याइतका जोर छातीत नसतो. या वयाची खेळणी तपासताना प्रयोगशाळेत ३१.७ मिलिमीटर, म्हणजे साधारण सव्वा इंच व्यासाची छोटी नळी वापरतात. न दाबता जो तुकडा तीत पूर्ण मावतो, तो धोक्याचा. घरी किचन टॉवेलच्या रोलमधली पुठ्ठ्याची नळी घ्या. ती थोडी रुंद असते. तिच्यातून जे खाली पडेल ते लहान मुलाच्या हाती देऊ नका.

१ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे. चिन्ह जरूर पाहा, शिवाय खेळणं हातानंही तपासा. बाहुलीचे डोळे, गाडीची चाकं ओढून बघा. खुळखुळ्याचा जोड उकलत नाही ना, ते पाहा. पाळण्यावर टांगलेली खेळणी बाळ हातांवर उठू लागलं की काढून ठेवा. दोरी गळ्याभोवती बसू शकते.

चार वस्तूंबाबत मात्र विशेष जपा. पहिली, नाण्यासारखा चपटा सेल. तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतं. ज्या खेळण्यात सेलचं झाकण स्क्रूनं बंद होत नाही, ते घेऊच नका. दुसरी, छोटी लोहचुंबकं. दोन गिळली तर आतड्याचे पदर मध्ये चिमटून भोक पडतं. तिसरी, पाण्यात फुगणारे रंगीत जेलीचे मणी. ते पोटातही फुगतात, आतडं बंद करतात आणि साध्या एक्स-रेत सहसा दिसत नाहीत. चौथी, फुटक्या फुग्याचं रबर. ते घशाला चिकटून बसतं. यांपैकी सेल किंवा चुंबक गिळल्याची नुसती शंका आली, तरी उलटी न करवता लगेच मोठ्या रुग्णालयात न्या.

घरात थोरलं भावंड असेल, तर त्याची खेळणीही धाकट्याच्या हाती लागतातच. त्याचे बारीक ठोकळे उंच टेबलावर मांडा. खेळ संपला की ताईनं किंवा दादानं ते मोजून डब्यात भरावेत. मोजणीही पक्की होते!

आता महत्त्वाचं. खेळता खेळता मुलाला एकदम ठसका लागला आणि थोड्या वेळानं थांबला, तर निर्धास्त होऊ नका. वस्तू फुप्फुसाच्या नळीत खाली सरकलेली असू शकते. मग सर्दी-खोकला समजून आठवडेच्या आठवडे औषधं चालतात. डॉक्टरांना त्या ठसक्याबद्दल आवर्जून सांगा.

मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच फुटत नसेल, तर मदतीला हाका मारा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली ठेवून, खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेनं पाच थापा द्या. मग उताणं करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या टाचेनं पाच वेळा दाबा. वस्तू निघेपर्यंत हे आलटून पालटून करा. बाळ बेशुद्ध पडलं तर हृदय-श्वसन पुनरुज्जीवन, म्हणजे सीपीआर सुरू करावं लागतं. ते शिकून ठेवा. वस्तू दिसत नसताना घशात बोट घालू नका, ती आणखी आत जाते.

दीड वर्षाच्या मुलाला काय द्यावं? कापडी चेंडू, एकात एक बसणारे डबे, स्वयंपाकघरातली स्टीलची वाटी. त्याला यातच रमायला आवडतं. तीन वर्षांचं खेळणं घरी आलंच असेल, तर ते कपाटात वर ठेवा. दीड वर्षानं तेच नवं म्हणून काढता येईल.