पहिल्या दिवशी मी मागे फिरलो

नर्मदे हर!

परिक्रमेच्या वाटेवर दुसरा नमस्कार चालत नाही, म्हणून इथेही तोच. अख्खी परिक्रमा सांगायला बसलो तर तुम्ही उठून जाल. एकच दिवस सांगतो, पहिला.

नर्मदा सुमारे १,३१२ किलोमीटर लांब. दोन्ही काठ धरले की अडीच हजारांच्या वर चाल. जुन्या रीतीने याला तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस लागतात. कार्तिकी एकादशी झाल्यावर आम्ही नवराबायकोने ओंकारेश्वरच्या दक्षिण तटावर गोमुख घाटावर संकल्प सोडला. कन्यापूजन झालं, बाटलीत मैयाचं पाणी भरलं. मुख्य नियम दोन. मैया कायम उजव्या हाताला, आणि पात्र ओलांडायचं नाही. ओंकारेश्वराचं देऊळ बेटावर आहे, समोर दिसतं. पण तिथे जाऊन पाणी वाहायचं ते परिक्रमा पुरी झाल्यावरच.

मी फौजेत काढलेला माणूस. तक्ता तयार होता. पन्नास मिनिटं चाल, दहा मिनिटं हॉल्ट. पिट्टूचं वजन चौदा किलो, त्यात स्टोव्हसुद्धा, कारण कुणापुढे हात पसरायचा नाही हे ठरलेलं. हिच्या झोळीत दोन साड्या, एक शाल आणि ती बाटली. मोरटक्का बाराएक किलोमीटर. मी म्हटलं, दुपारच्या आत पोचू आणि पुढे निघू.

दुसऱ्या हॉल्टला वळून पाहिलं तर ही नाही. दहा मिनिटं थांबलो. वीस. पाऊणतास. फोन लागेना. आता खरं सांगतो, पहिल्यांदा राग आला. मग आठवलं, माझ्या बदल्यांमागे हिने बारा घरं बांधली आणि बारा सोडली. दर वेळी मी पुढे जायचो, ही सामान आवरून मागून यायची. कधी पोचली, कशी पोचली, मी एकदाही विचारलं नव्हतं.

मागे जायचं तर मैया डाव्या हाताला येणार! संकल्प करून चार तास झाले नव्हते. शेतात एक म्हातारेबाबा पाणी सोडत होते. त्यांना विचारलं, चालेल का? ते आधी हसले. म्हणाले, "बाई मागे राहिली आणि तुम्ही मला विचारताय?"

फिरलो.

दीड किलोमीटर मागे एका झोपडीच्या ओट्यावर ही बसली होती. दोन्ही टाचांना फोड. घरातली बाई तेल-हळद गरम करून लावत होती, चूल पेटलेली होती. मला पाहून ही म्हणाली, "अहो, आधी जेवून घ्या." ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा, ताक. मी सवयीने खिशात हात घातला. त्या बाईने असं पाहिलं की हात तसाच बाहेर आला. अन्न मागून खाणं अवघड असतं असं मला वाटायचं. न मागता दिलेलं, पैसे न देता खाणं त्याहून अवघड आहे. स्टोव्ह मी तिथेच ठेवून आलो.

मोरटक्क्याला पोचेपर्यंत दिवे लागले होते. आश्रमात पाठ टेकल्यावर ही म्हणाली, "उद्या घड्याळ झोळीत ठेवा."

ठेवलं. थोरले बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडीला गेले. त्यांची समाधी याच काठावर आहे. माझ्या तक्त्यात तिथला मुक्काम तिसऱ्या दिवशी होता. आम्ही पाचव्या दिवशी पोचलो. ही पुढे होती.