कानातला आवाज अंगणात कसा आणायचा?

जात्यावरच्या ओव्यांचा आपला कार्यक्रम ओसरीवर स्पीकरवर ऐकणाऱ्या बाया म्हणतात, छान झाला. मोबाइलला हेडफोन लावून ऐकणाऱ्या मात्र म्हणतात, "डोकं जड झालं. एक बाई या कानात गाते, दुसरी त्या कानात, आणि जातं टाळूखाली फिरतं." तक्रार खरी आहे, आणि दोष त्यांच्या कानांचा नाही.

एक करून बघा. डोळे मिटून बसा आणि लेकीला डावीकडे उभं राहून बांगड्या वाजवायला सांगा. आवाज आधी डाव्या कानात पोचतो. उजव्या कानाकडे तो डोक्याला वळसा घालून जातो, म्हणून थोडा उशिरा. सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाहूनही कमी उशीर. शिवाय डोकं आड येतं, त्यामुळे बारीक किणकिण तिकडे मंद होते. जात्याची जाड घरघर मात्र जवळजवळ तेवढीच पोचते. एवढ्याशा फरकावरून आपल्याला दिशा कळते. आवाज पुढून आला की मागून, हे कानाच्या पाळीच्या वळ्या सांगतात, आणि भिंतीवर आपटून परत येणारा आवाज खोली केवढी ते सांगतो.

समोर दोन स्पीकर ठेवले, तर प्रत्येकाचा आवाज दोन्ही कानांत जातो. हेडफोनमध्ये डावीकडचा आवाज उजव्या कानाला जवळजवळ मिळतच नाही. एरवी असं कधी होतं? कुणी कानाला तोंड लावून कुजबुजलं तरच. म्हणून तर ती बाई कानात येऊन बसते. आणि मान वळवली तर तीही सोबत वळते!

दोन कानांना दोन आवाज देण्याची कल्पना जुनी आहे. १८८१ साली पॅरिसच्या वीज प्रदर्शनात क्लेमां आदेर यांनी ऑपेराच्या रंगमंचावरचं गाणं टेलिफोनच्या तारेनं आणलं. लोक दोन्ही कानांना एकेक रिसीव्हर लावून ऐकत, आणि गायक रंगमंचावर इकडून तिकडे गेला तर त्यांना ते कळत असे. पुढे १९६१ साली बेंजामिन बाउअर यांनी हेडफोनच्या याच त्रासावर एक उपाय मांडला. डाव्या बाजूचा थोडा आवाज उजव्या कानात सोडायचा, पण किंचित उशिरा आणि त्यातली किणकिण कमी करून. उजव्याचा तसाच डावीकडे. डोकं जे करतं तेच यंत्राकडून करून घ्यायचं.

याला क्रॉसफीड म्हणतात. काही प्लेअर ॲपमध्ये ही सोय असते. ती थोडीच वाढवा. फार वाढवली तर सगळं मधोमध गोळा होतं. यानं अंगण पूर्ण उभं राहत नाही, कारण प्रत्येकीच्या कानाची घडण वेगळी. पण आवाज कानावरून थोडा सुटतो, आणि तासभर ऐकलं तरी डोकं दुखत नाही, असा आमचा अनुभव.

मूळ काम मात्र रेकॉर्डिंग करतानाच व्हावं, असं आम्हाला वाटतं. दोघींच्या तोंडाशी एकेक माइक धरून एक आवाज पुरता डावीकडे आणि दुसरा पुरता उजवीकडे टाकू नका. दोन माइक दोघींसमोर मधोमध, एकमेकांपासून १७ सेंटिमीटरवर, म्हणजे वितीहून थोड्या कमी अंतरावर, तोंडं बाहेरच्या बाजूला वळवून ठेवा. ही पद्धत फ्रान्सच्या रेडिओवाल्यांनी बसवली. यात दोघींचा आवाज दोन्ही माइकांत जातो, आणि मागची कोंबडीसुद्धा आपल्या जागी ओरडते.

गटातल्या एखाद्या आजीला एकाच कानानं ऐकू येत असेल, तर हेडफोनवर तिला अर्धीच ओवी मिळते. तिच्या फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी किंवा सुलभता या भागात 'मोनो ऑडिओ' शोधून सुरू करून द्या. मग दोन्ही गायिका दोन्ही कानांत सारख्याच येतात. दिशा तेवढी जाते, पण ओवी पूर्ण ऐकू येते.