लुळा हात आणि चहाचा कप : मेंदूचे आजार आणि व्यायाम



या व्याख्यानमालेत कवी येतात, प्राध्यापक येतात, एखाद्या वर्षी कीर्तनकारही येतात. यंदा तुम्ही कोसाडच्या एका होमिओपॅथी डॉक्टरला बोलावले. माझी बी.एच.एम.एस.ची पदवी जुनी आणि वक्तृत्व बेताचे. तेव्हा सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. लकवा माझ्या साबुदाण्याएवढ्या गोळ्यांनी बरा होतो, असे सांगायला मी आलेलो नाही. माझ्या हातून झालेली एक चूक मी सांगणार आहे. ती तुमच्या घरात होऊ नये, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू.

आमचे घराणे अमळनेरचे. तापीच्या काठाकाठाने, नाहीतर भुसावळ-सुरत गाडीने, खानदेशातून जसे तुमचे वाडवडील इकडे आले, तसाच मीही आलो. वडील मात्र शेवटपर्यंत गावीच किराणा दुकान चालवत होते. त्यांना आम्ही भाऊ म्हणायचो. त्यांची खतावणी बघायला शेजारचे दुकानदार येत, इतके त्यांचे अक्षर वळणदार होते. 1994 साली त्यांच्या उजव्या अंगावरून वारे गेले. हॉस्पिटलातून सोडल्यावर मी त्यांना इकडे कोसाडला घेऊन आलो. मुलगा डॉक्टर, सून हौशी, नातवंडे हाताशी. सेवेत काही कमी पडू द्यायचे नाही, असे आम्ही ठरवले.

चहा आला की भाऊ उजवा हात पुढे करायचे. कप थरथरायचा, चहा बशीत सांडायचा. मी झटकन कप काढून घ्यायचो आणि म्हणायचो, “भाऊ, तुम्ही राहू द्या, मी पाजतो.” घास आम्ही भरवायचो, सदऱ्याच्या गुंड्या आम्ही लावायचो. दोन महिन्यांनी त्यांनी हात पुढे करणेच सोडून दिले. सहा महिन्यांत बोटे मुठीत वळली. पुढे नऊ वर्षे ते जगले, पण एक अक्षरही त्यांनी लिहिले नाही. लोक म्हणत, मुलाने बापाची सेवा करावी तर अशी. तेव्हा ते ऐकून बरे वाटायचे. आता वाटत नाही.

त्या हातात नेमके काय झाले असावे, ते मला पुढे वाचनातून कळले. लकव्यात मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि तिथल्या पेशी मरतात. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण त्यांच्या आजूबाजूला जिवंत पेशी असतात आणि त्या नवे काम शिकू शकतात. अमरोलीचा पूल बंद असला की आपण दुसऱ्या वाटेने जातो ना? आधी ती वाट अरुंद आणि खड्ड्यांची असते. रोज माणसे जाऊ लागली की तिचा रस्ता होतो. कुणी गेलेच नाही, तर बाभळी उगवतात. मेंदूतही वाटा वापराने रुंद होतात. एकदा उचललेल्या कपाने काही होत नाही, शेकडो वेळा उचललेल्या कपाने होते.

एडवर्ड टॉब या अमेरिकन शास्त्रज्ञाने दुसरी बाजू दाखवली. माकडाच्या एका हाताच्या संवेदनेच्या नसा तोडल्या, तर माकड तो हात वापरणे सोडते. पण चांगला हात बांधून ठेवला, की त्याच निकामी हाताने ते काम करू लागते. म्हणजे हात पूर्ण मेलेला नसतो. दोन-चारदा फजिती झाली की ‘हा हात चालत नाही’ असे मेंदू शिकून बसतो. जैन घरात वाढलेल्या मला त्या मुक्या जिवांच्या हालांचे वर्णन शेवटपर्यंत वाचवले नाही. अमेरिकेतही त्यावरून 1981 साली मोठे प्रकरण झाले. पण त्यातून निघालेली उपचारपद्धत माणसांच्या कामी आली, हे नाकारता येत नाही. लकवा होऊन तीन ते नऊ महिने झालेल्या 222 रुग्णांवर तिची परीक्षा झाली आणि निष्कर्ष 2006 साली प्रसिद्ध झाले. दोन आठवडे चांगल्या हाताला जाड मोजा घालायचा आणि दुबळ्या हाताकडून रोज तासन्‌तास सराव करून घ्यायचा. नेहमीच्या उपचारांपेक्षा या रुग्णांचा हात जास्त सुधारला आणि वर्षभरानंतरही तो फरक टिकला. अर्थात हे सगळे ज्यांची बोटे थोडी तरी हलत होती, त्यांच्याबाबतीत.

भाऊंची बोटे हलत होती. कप धरण्याइतकी हलत होती.

हा विचार आपल्याकडे आणणारी बाई कोण, ते साहित्य मंडळात सांगायलाच हवे. कमला निंबकर या जन्माने अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी. लग्नानंतर त्या इथल्या झाल्या. 1950 साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात त्यांनी ऑक्युपेशनल थेरपीची भारतातली पहिली शाळा सुरू केली. ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे रुग्णाला रोजच्या कामातूनच पुन्हा कामाला लावणे. फलटणचे शेतीसंशोधक बनबिहारी निंबकर हे त्यांचे चिरंजीव, आणि लेखिका जाई निंबकर, म्हणजे इरावती कर्व्यांच्या कन्या, या त्यांच्या सूनबाई. ‘युगान्त’ तुमच्यापैकी अनेकांच्या कपाटात असेल. त्याच नात्यागोत्यातल्या एका बाईने आजाऱ्याला काम देणे हे शास्त्र म्हणून इथे रुजवले. ते मला 1994 साली माहीत असायला हवे होते.

आता दुसरे घर सांगतो. आमच्या दवाखान्याच्या मागच्या बाजूला लूमवर काम करणाऱ्या एका कामगाराचे कुटुंब राहायचे. त्याच्या बायकोला चाळिशीतच लकवा झाला. नवरा बारा तासांच्या पाळीवर, मुले शाळेत. भरवायला घरात कुणी नव्हतेच. फिजिओथेरपिस्टने दाखवलेले व्यायाम ती करायची आणि उरलेला दिवस लसूण सोलायची, डाळ निवडायची, डाव्या हाताच्या मदतीने उजव्याने पीठ मळायची. पहिल्या भाकरीचा नकाशा झाला. चौथ्या महिन्यात ती माझ्यासाठी कळण्याची भाकरी घेऊन आली. चांगली गोल होती. तिचा झटका भाऊंच्या झटक्यापेक्षा सौम्य होता आणि वयही कमी होते. तेव्हा दोघांची सरळ तुलना मी करत नाही. गरिबी हे औषध आहे, असेही मला म्हणायचे नाही. लूमवर उभे राहून तिच्या नवऱ्याच्या पायांच्या शिरा फुगल्या, त्याला कुणी व्यायाम म्हणणार नाही. पण तिचा कप काढून घ्यायला घरात कुणी नव्हते, हे मी विसरू शकत नाही.

मग लकवा झाला की पहिल्याच दिवशी रुग्णाला उभे करायचे का? नाही, इथेही उतावीळपणा नको. पाच देशांतल्या 2,104 रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. पहिल्या चोवीस तासांतच वारंवार आणि जास्त वेळ उठवून चालवलेल्या रुग्णांची तीन महिन्यांनंतरची स्थिती नेहमीच्या उपचारांच्या गटापेक्षा थोडी वाईटच निघाली. म्हणून सुरुवात कधी आणि किती, हे तिथल्या डॉक्टरांनी ठरवायचे. त्याच्याही आधीचे काम मात्र तुमचे आहे. तोंड वाकडे झाले, एक हात खाली पडला, बोलणे बोबडे झाले, की 108 ला फोन करा. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि जितके लवकर तितके चांगले. त्या वेळी माझ्या दवाखान्यात येऊ नका. मालीशवाल्याकडेही जाऊ नका.

व्यायामाचा उपयोग फक्त लकव्यापुरता नाही. पार्किन्सनमध्ये हातपाय कंप पावतात, पावले जमिनीला चिकटतात. पुण्याच्या मिलेहा सोनेजी या डिझायनरने आपल्या काकांमध्ये एक नवल पाहिले. सपाट जमिनीवर अडखळणारे काका जिना मात्र सहज चढत-उतरत होते. तिने जमिनीवर पायऱ्यांचे नुसते चित्र अंथरले आणि काका त्यावरून चालू लागले. या आजारात आपोआप चालण्याची यंत्रणा बिघडते. डोळ्यांना रेघ दिसली किंवा कानाला ठेका मिळाला, तर मेंदू दुसऱ्या वाटेने पाऊल उचलतो. टाळाच्या ठेक्यावर पाऊल कसे आपसूक पडते, हे दिंडीत चाललेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. पुण्यातच नर्तक हृषीकेश पवार यांनी पार्किन्सनच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालवले, आणि तिथले पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णांना आणि घरच्यांना एकत्र आणते. सुरतेतल्या आपल्या मंडळालाही असा एक गट जमवता येईल. हॉल आपल्याकडे आहे, पेटी-तबला आहे, सकाळी मोकळी असलेली माणसेही आहेत.

ज्यांना अजून काही झालेले नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 55 ते 80 वयाच्या 120 माणसांचे दोन गट केले. एक गट आठवड्यातून तीन दिवस चाळीस मिनिटे चालला, दुसऱ्याने नुसते अंग ताणण्याचे व्यायाम केले. वर्षाअखेर चालणाऱ्यांच्या मेंदूतला स्मरणाशी संबंधित भाग सुमारे दोन टक्के वाढला होता, दुसऱ्या गटाचा थोडा आक्रसला होता. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत अशी वाढ दिसली नाही. पण चालण्याने रक्तदाब आणि साखर आटोक्यात राहते, आणि लकव्याची मोठी कारणे तीच आहेत. एवढे कारण मला पुरेसे वाटते.

घरी करायच्या चार गोष्टी सांगतो. रुग्णाला उठवताना लुळ्या हाताला धरून ओढू नका, खांदा निखळतो. पाण्याचा तांब्या लुळ्या हाताच्या बाजूला ठेवा, पण हात पोचेल इतका जवळ. व्यायाम एकदम तासभर करून थकवण्यापेक्षा दिवसातून थोडा थोडा, पुष्कळ वेळा करून घ्या. आणि कामे त्या माणसाची असावीत. शिंप्याला सुईदोरा द्या, भजनी माणसाला टाळ द्या, किराणावाल्याला नाणी मोजायला द्या.

भाऊंना मी वही आणि पेन्सिल द्यायला हवी होती. रेघा वाकड्या आल्या असत्या, कदाचित अक्षर पुन्हा कधीच तसे आले नसते. पण प्रयत्न त्यांचा राहिला असता. तो मी काढून घेतला, आणि तेही मायेने. आपल्या मराठी घरांत आजारी माणसाला ‘पडून राहा’ म्हणणे हीच माया समजतात. कप सांडत असताना शेजारी बसून राहणे फार कठीण असते, हे मला माहीत आहे. तेवढे मात्र करा. चहा सांडला तर पुसता येतो.