सी-पेप्टाइड आणि मधुमेहींची मूत्रपिंडं



इन्सुलिन आपल्या स्वादुपिंडात तयारच्या तयार बनत नाही. आधी प्रोइन्सुलिन ही लांब साखळी बनते, मग तिचा मधला तुकडा कापला जातो. हा तुकडा म्हणजे 31 अमिनो आम्लांचं सी-पेप्टाइड. इन्सुलिनइतकंच तेही रक्तात उतरतं. 1967 मध्ये शिकागोच्या डोनाल्ड स्टायनर यांनी प्रोइन्सुलिनचा शोध जाहीर केला, तेव्हापासून बराच काळ सी-पेप्टाइडकडे इमारत उभी राहिल्यावर सोडवलेल्या परांचीसारखं पाहिलं गेलं.

पण टाइप 1 मधुमेहात शरीर दोन्ही गमावतं आणि इंजेक्शनातून परत मिळतं ते फक्त इन्सुलिन. मग दुसरंही देऊन पाहिलं तर? स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेत जॉन वॉरेन आणि सहकाऱ्यांनी तसं केलं. मधुमेहाच्या सुरुवातीला मूत्रपिंडं गरजेपेक्षा जास्त रक्त गाळत असतात; पुढे त्यांच्या गाळणीतून अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत झिरपू लागतं. सी-पेप्टाइड दिल्यावर हा जादा उपसा कमी झाला, झिरपणंही घटलं.

बातमी चांगली, पण रुग्ण मोजके आणि काळ थोडा. पुढे मधुमेहींच्या मज्जातंतूंच्या विकारावर सी-पेप्टाइडचं दीर्घकाळ टिकणारं इंजेक्शन वर्षभर देऊन पाहिलं, तर नसांतून संदेश जाण्याच्या वेगात खोट्या औषधाहून सरस काही दिसलं नाही. मूत्रपिंडांसाठी मान्यता मिळालेलं सी-पेप्टाइडचं औषध आजही नाही. शिवाय टाइप 2 मध्ये सुरुवातीला हे पेप्टाइड भरपूर असतं, तरी मूत्रपिंडं बिघडतातच! तेव्हा सगळा दोष त्याच्या उणिवेवर टाकता येत नाही, असं माझं मत.

स्वादुपिंडात किती दम उरलाय हे पाहायला डॉक्टर सी-पेप्टाइडची तपासणी सांगतात. मात्र ते बाहेर टाकायचं काम बरंचसं मूत्रपिंडांचंच. ती थकली की आकडा फुगतो आणि स्वादुपिंड ठणठणीत असल्याचा भास होतो. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं असेल, म्हणजे मूत्रपिंडं थकल्याची खूण असेल, तर हे डॉक्टरांच्या कानावर घालाच.

आणि एक विनंती. नुसत्या शुगरच्या आकड्यावर समाधान मानू नका. लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी दरवर्षी करून घ्या. टाइप 2 असेल तर निदान झाल्यापासून, टाइप 1 असेल तर पाच वर्षांनंतर. पायाला सूज येईपर्यंत थांबू नका.