एंडोमेट्रिओसिस : ऑपरेशनआधी काय तपासून घ्याल?



पाळीत पोट असह्य दुखतं, शौचाला बसलं की कळ येते, शरीरसंबंध नकोसे होतात आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट मात्र 'नॉर्मल'. मग घरचे म्हणतात, "सगळ्याच बायकांना दुखतं." कृपा करून त्या एका रिपोर्टवरून त्या बाईला खोटं ठरवू नका. एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो. मूल होण्याच्या वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना हा आजार असतो. बीजकोषातली चॉकलेट सिस्ट, म्हणजे या आजारामुळे साठलेल्या जुन्या रक्ताची गाठ, साध्या सोनोग्राफीतही बहुधा दिसते. गर्भाशयामागे किंवा आतड्याच्या भिंतीत रुतलेल्या गाठी मात्र मुद्दाम शोधाव्या लागतात. पोटाच्या आतल्या आवरणावरचे बारीक ठिपके तर उत्तम तपासणीतूनही निसटतात.

म्हणून ऑपरेशन ठरत असेल, तर या आजाराचा सराव असलेल्या डॉक्टरांकडून योनीमार्गे सोनोग्राफी करून घ्या. तीत डॉक्टर प्रोब, म्हणजे तपासणीची कांडी, हलकेच पुढेमागे करतात, दुसऱ्या हाताने ओटीपोट दाबतात आणि मागचं आतडं गर्भाशयावरून सहज सरकतंय का, ते पडद्यावर बघतात. सरकत नसेल, तर दोन्ही चिकटले आहेत असं समजायचं. प्रोब टेकताच नेमकं कुठे दुखतं, तेही मोकळेपणाने सांगा. ते दुखणं हा तपासणीचाच भाग आहे. अविवाहित मुलींची ही तपासणी सहसा करत नाहीत. त्यांच्यासाठी पोटावरून सोनोग्राफी आणि एमआरआय हा मार्ग आहे. आजार खोल असल्याची शंका असेल, आतडं किंवा मूत्राशय गुंतलं असेल, तर इतरांनाही एमआरआयचा फार उपयोग होतो.

एक गोष्ट मी आग्रहाने सांगते. सोनोग्राफीच्या वेळीच दोन्ही मूत्रपिंडंही पाहून घ्या. गाठीने मूत्रवाहिनी आवळली, तर मूत्रपिंड सुजतं आणि काही वेळा जराही न दुखता निकामी होत जातं.

पुष्कळ जणी विचारतात, "माझी स्टेज कितवी?" स्टेजवरून वेदना मोजता येत नाही. पहिल्या स्टेजची मुलगी कळवळते, चौथ्या स्टेजची बाई कामावर जाते. सर्जनला स्टेजच्या आकड्यापेक्षा गाठ कुठे आहे, किती सेंटिमीटरची आहे आणि आतड्यात किती खोल गेली आहे, हे कळायला हवं. २०२१मध्ये सुधारलेल्या एन्झियन वर्गीकरणात हीच माहिती नोंदवतात, आणि ती ऑपरेशनआधी सोनोग्राफी किंवा एमआरआयवरूनही भरता येते. आतड्याचा सर्जन किंवा युरॉलॉजिस्ट सोबत हवा का, हे त्यावरून आधीच ठरतं. नाहीतर पोटात दुर्बीण घातल्यावर आतडं चिकटलेलं आढळतं, तयारी नसल्याने काम अर्धवट सोडावं लागतं आणि पेशंटला पुन्हा ऑपरेशन टेबलावर जावं लागतं. हे टाळता येण्यासारखं आहे.

चॉकलेट सिस्ट काढताना बीजकोषातली चांगली बीजंही कमी होऊ शकतात. मूल हवं असेल, तर बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी एएमएचची रक्ततपासणी आधी करावी का, हे डॉक्टरांना विचारा. आतड्याचा तुकडा काढावा लागेल का, काही दिवस पोटावर शौचाची पिशवी लावावी लागेल का, हेही संमतीपत्रावर सही करण्याआधी स्पष्ट विचारा.

सर्जनकडे जाताना जुने रिपोर्ट आणि एमआरआयची सीडी बरोबर न्या. आधी ऑपरेशन झालं असेल, तर त्याच्या नोट्स आणि बायोप्सीचा रिपोर्टही मागून घ्या. नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही.